४×९८ च्या हबवर ४×१०० ची मॅगव्हील : "दोन मिलिमीटरने काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी

लेथवाला

नवख्यांसाठी आधी : हब म्हणजे गाडीचा तो भाग ज्यावर व्हील बसतं. पीसीडी म्हणजे बोल्टांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. ४×९८ म्हणजे चार भोकं, ९८ मिमी. काल इथे एकाने फोटो टाकला. फियाट पालिओ १.६, खाली सेकंडहँड एनकाई आरपीएफ१ मॅगव्हील (अलॉय), १५ इंची. गाडी देखणी, व्हील त्याहून देखणी. फोटोखाली लिहिलंय : "व्हील ४×१०० आहेत, पालिओची पीसीडी ४×९८. दोन मिलिमीटरने काय होतंय? चारही बोल्ट दाबून आवळले, विषय संपला." त्यावर अंगठ्यांचा नुसता ढीग. उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

वर्तुळाचा व्यास २ मिमीने मोठा, म्हणजे रिमचं प्रत्येक भोक हबवरच्या भोकाच्या १ मिमी बाहेर. शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर ६९.३ च्या जागी ७०.७. पहिला बोल्ट आवळला की त्याचा निमुळता भाग रिमच्या खाचेत छान बसतो आणि अख्खं व्हील त्या बाजूला सरकतं. मग समोरच्या बोल्टच्या वाट्याला पुरते २ मिमी येतात. तो एका कडेवरच टेकतो. तुम्ही पान्याला पाईप लावून जोर काढता, अल्युमिनियम तेवढ्या जागी चेपतं, बोल्ट किंचित वाकतो, आणि तुम्हाला वाटतं आवळला गेला.

त्यात त्या आरपीएफ१ चं मधलं भोक ७३ मिमी. पालिओच्या हबची गोलाई ५८.१. मधे रिंग नसेल तर व्हील हबवर बसलेलंच नाही, वाकड्या बोल्टांवर लटकलंय.

हौस करा हो, ना नाही. पण वॉबल बोल्ट मिळतात, ज्यांचा निमुळता भाग सुटा असतो आणि बोल्टाभोवती सरकतो. ते घ्या, ७३ ते ५८.१ ची रिंग घ्या. व्हीलना पैसे आहेत आणि बोल्टांना नाहीत?

पालिओवेडा

नाव न घेता आमचाच उद्धार केलात, आभारी आहे. त्याच व्हीलवर पुणे-नाशिक केलं, माळशेज केला. स्टिअरिंगला थरथर नाही, बॅलन्सिंगला वजनंही फार लागली नाहीत. राहता राहिली तुमची थिअरी. बोल्ट गाडीचं वजन घेतच नाहीत. रिम आणि हब एकमेकांवर दाबले जातात, त्या घर्षणावर सगळं चालतं. हे डिप्लोमाच्या पोरालाही माहीत असतं.

लेथवाला

घर्षणाचं एकदम बरोबर. आता ते घर्षण येतं कुठून तेही सांगा. बोल्टच्या ताणातून. एम१२ (१२ मिमी जाडीचा) बोल्ट ९०-१०० न्यूटन-मीटरला आवळला तर त्यातला बराचसा जोर आटे आणि खाच यांच्या घासण्यातच जातो, ताणाला उरतो थोडाच. खाच एकाच कडेवर टेकली की टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) टक्क करते पण ताण आलेलाच नसतो. चार दिवसांनी चेपलेली कड आणखी बसते आणि बोल्ट ढिला. शंभरेक किलोमीटर झाल्यावर पाना लावून बघितलंत का कधी?

आणि बॅलन्सिंगच्या मशिनवर व्हील त्याच्या मधल्या भोकावर बसतं. तुमच्या हबवर ते किती सरकलंय हे त्या मशिनला कळणार कसं?

वाईकर

माझ्या मामेभावाच्या गाडीला एका दुकानात असंच बसवून दिलं होतं. दुकानाचं नाव घेत नाही, अजून चालू आहे. खंबाटकी उतरताना मागून कट्-कट् आवाज. त्याला वाटलं ब्रेक शू, शिरवळला दाखवू. खाली येऊन व्हीलकॅप काढली तर दोन बोल्टांची डोकी कॅपमधेच पडलेली, उरलेले दोन हाताने फिरत होते. मामी मागच्या सीटवर होती. घर्षणाच्या गप्पा तिला येऊन सांगा.

पालिओवेडा

वाईट झालं. पण त्यात पीसीडीचा दोष की बोल्ट आवळायला विसरलेल्या पोऱ्याचा, हे कोणी तपासलं? किस्से सगळ्यांकडे असतात.

म्युनिककर

इथे जर्मनीत हा वादच होत नाही. व्हीलबरोबर त्या गाडीसाठीची मान्यतेची कागदपत्रं लागतात. नसतील तर तपासणी करून नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर गाडीचा परवाना आणि विमा दोन्हींचा घोळ. दोन मिलिमीटर असो की अर्धा.

सदाशिव३०

आले, जर्मनी आली! एवढा वेळ कशी आली नाही म्हणून बघतच होतो.

रोह्याचा बाबा

पीसीडी ९८ ठेवा नाहीतर १०८, मला एक सांगा, त्या साडेचार किलोच्या व्हीलला आपल्या रस्त्यांवर घालायचंच कशाला? पनवेल ते इंदापूर एकदा जाऊन या. २०११ साली काम काढलंय त्या मुंबई-गोवा हायवेचं, तेव्हा पहिलीत असलेली पोरं कॉलेज संपवून बसली. गेल्या गणपतीत माझ्या पुढच्या गाडीचं अलॉय खड्ड्यात फुटलं. वाकलं नाही, फुटलं. माझी लोखंडी डिस्क, म्हणजे साधं व्हील, वाकली ती नागोठण्याच्या टायरवाल्याने घण घालून सरळ केली, चहा होईपर्यंत.

सदाशिव३०

घण घालून सरळ केलेली डिस्क सरळ नसते बाबा, हवा धरण्याइतकी गोल असते फक्त. ऐंशीच्या पुढे गाडी नाचते.

रोह्याचा बाबा

ऐंशीच्या पुढे? त्या रस्त्यावर? एकदा या राव, मी टोलसकट खर्च देतो.

वाईकर

अलॉयला सरसकट शिव्या नकोत. कंपनीचं जाड अलॉय बऱ्यापैकी सोसतं. फुटतात ती बाजारातली नक्कल केलेली, आतून भोकं पडलेली ओतीव व्हील. आतल्या बाजूला जेडब्ल्यूएलचा (अलॉय व्हीलच्या जपानी मानकाचा) शिक्का बघून घ्यावा.

रोह्याचा बाबा

शिक्का काय, नक्कल करणारा तोही ओततो. आणि फुटलेलं अलॉय वेल्डिंग करून रंगवून परत विकायला येतं, तेही सांगा. सेकंडहँड घेणाऱ्याला काय कळणार रंगाखाली काय आहे ते.

म्युनिककर

मुद्दा खड्ड्याचा नसून टायरच्या उंचीचा आहे. १४ वरून १५ ला गेलात आणि बाहेरचा व्यास तोच ठेवलात की टायरची भिंत कमी होते, मार थेट रिमवर.

रोह्याचा बाबा

मुद्दा खड्ड्याचा नसून! म्युनिकमधे बसून!! दादा, माझं कुटुंब त्या रस्त्याने दर महिन्याला जातं. दोन माणसांनी रात्री टॉर्च धरायचा आणि तिसऱ्याने जॅक लावायचा, ही आमची टायरची भिंत.

म्युनिककर

मी माणगावचाच आहे. आवाज चढवायची गरज नाही.

रोह्याचा बाबा

मग तर तुम्हाला लाज वाटायला हवी.

लेथवाला

अहो, धागा पीसीडीचा आहे. रस्त्यासाठी वेगळा काढा, पहिला प्रतिसाद मी देतो.

पालिओवेडा

बरं. शांतपणे सांगतो. आज सकाळी एक व्हील उतरवलं, केवळ लेथवाल्यांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून. तीन खाचा ठीक आहेत. चौथीत अर्धवट चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा आहे, बाकीच्या अर्ध्या भागावरचा रंग जसाच्या तसा. याचा अर्थ तुम्ही म्हणता तोच असेल असं नाही. तरी वॉबल बोल्ट मागवलेत. खूश?

लेथवाला

खूश. त्या चौथ्या खाचेत आता वॉबल बोल्टही नीट बसेल याची खात्री मी देणार नाही, ते व्हील एखाद्या चांगल्या लेथवर दाखवा. वॉबल बोल्ट घेताना निमुळता ६० अंशांचाच घ्या, गोल बुडाचा नको. आटे १२×१.२५ (१२ मिमी जाडी, दोन आट्यांमधे १.२५ मिमी), १.५ गळ्यात मारेल कोणीही.

जाता जाता, स्टेपनी जुनी लोखंडीच असणार. अलॉयचे लांब बोल्ट तिला लावू नका, मागून बाहेर येऊन ड्रमच्या आत घासतात. मूळचे चार बोल्ट पिशवीत घालून डिकीत ठेवा.

पालिओवेडा

मूळचे बोल्ट व्हीलवाल्याने ठेवून घेतले.

रोह्याचा बाबा

घ्या! आणि म्हणे दोन मिलिमीटरने काय होतंय.