उत्तर: धाकट्याला होस्टेलवर करमत नाही

भाऊ, तुमचा धाकटा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात लागला अन आठच दिवसांत घरी यायचं म्हणून रडतो हे वाचलं, जीव तुटला एकदम. पण लगेच घ्यायला जाऊ नका. मी दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातला, मी पण दुसऱ्या एका विद्यापीठाच्या होस्टेलवर पहिल्या महिन्यात रोज रात्री बॅग भरून ठेवत होतो, सकाळी परत खोलत होतो. वर काहींनी लिहिलं की दर शनिवारी घरी बोलवा, मला नाही पटत, कारण शनिवार-रविवारीच तर मेसमध्ये बसून, कपडे धुता धुता पोरं एकमेकांची होतात, मी दर शनिवारी घरी जाऊन पहिले दोन महिने वाया घालवले अन मग सगळ्यांचे ग्रुप आधीच पडलेले.

सोबत जवसाची चटणी अन आईच्या हातचा ठेचा मोठ्या बरणीत द्या, रूममेटला पहिल्यांदा तोच पुढे कर म्हणा पोराला, माझी दोस्ती तिथूनच जमली, तो गडचिरोलीचा, आजही रोज फोन असतो. बादली, मग्गा, कुलूप, एक्स्टेन्शन बोर्ड एवढं पुरतं, गादी तिथंच घ्या.

अन एक गोष्ट एकट्यात विचारा, सिनिअर त्रास देतात का. पोरं लाजेनं सांगत नाहीत. तसं असेल तर यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, १८०० १८० ५५२२, फुकट लागते, चोवीस तास चालू असते. आधी वॉर्डनला भेटा, पण हा नंबर पोराच्या मोबाईलमध्ये आजच सेव्ह करून द्या.