मदत हवी आहे : मराठी विकिपीडियावर एसएनडीटी विद्यापीठाचा इतिहास कसा लिहावा?

नमस्कार मंडळी,

मराठी विकिपीडियावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आपल्या तोंडी असलेल्या एसएनडीटीच्या नोंदीत इतिहासाचा भाग नीट लिहायचं मनावर घेतलं आहे. मी पुण्याच्या कर्वे रस्त्यावरच्या आवारात शिकले. आता नोकरी दुसरीकडे आहे, विद्यापीठाशी पदाचा किंवा पैशाचा काही संबंध नाही. विकिपीडियावर शुद्धलेखन सुधारणं, दुवे जोडणं एवढं आजवर केलं आहे. सलग मोठा मजकूर लिहायची वेळ पहिल्यांदाच आली, म्हणून तिथल्या चावडीवर (संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर) जाण्याआधी इथल्या अनुभवी मंडळींना विचारते.

आधी माझी तळमळ सांगते. विद्यापीठांवरच्या बऱ्याच नोंदी प्रवेशपुस्तिकेसारख्या असतात. स्थापना, बोधवाक्य, विभागांची यादी, अभ्यासक्रमांची यादी, पत्ता, संपलं. एसएनडीटीबद्दल असं लिहिलं तर या विद्यापीठाची खरी गोष्ट हातातून सुटते. हे विद्यापीठ १९१६ साली सुरू झालं आणि कायद्याने त्याला मान्यता मिळाली १९४९ साली. मधली ३३ वर्षं सरकारी सनद नसताना त्याने परीक्षा घेतल्या, पदव्या दिल्या, महाविद्यालयं चालवली. ज्या पदवीला सरकारदरबारी किंमत नाही ती घ्यायला मुली येत राहिल्या आणि त्यांचे आईबाप त्यांना पाठवत राहिले. नोंद वाचणाऱ्याला निदान एवढं तरी कळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

गोष्टीचे टप्पे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. विधवांसाठी १८९६ साली आश्रम काढला, तो पुढे पुण्याजवळच्या हिंगण्याला गेला, १९०७ साली महिला विद्यालय निघालं. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषद भरली, तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं आणि तिथे त्यांनी हिंदुस्थानातही स्त्रियांचं विद्यापीठ असावं ही कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी काम सुरू. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी पाच. शिकवणं मातृभाषेतून, इंग्रजी मात्र सक्तीचा विषय. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. १९३६ साली मुख्य कचेरी मुंबईला गेली.

आता अडचणी.

माहितीचौकटीत (नोंदीच्या बाजूला थोडक्यात माहिती देणाऱ्या चौकटीत) ‘स्थापना’ पुढे कुठलं साल लिहायचं? १९१६, १९४९ की कायद्याखालचा कारभार सुरू झाला ते १९५१? ‘पहिले कुलगुरू’ लिहायचे तर तोच पेच. १९१६ च्या विद्यापीठाचे कुलगुरू रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती होते. मान्यता मिळाल्यानंतरच्या पहिल्या कुलगुरू प्रेमलीला ठाकरसी. एकाचं नाव लिहावं तर दुसऱ्यावर अन्याय.

दुसरं, कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ माझ्याजवळ आहे. विद्यापीठाच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल त्याइतकं जवळून लिहिलेलं मला दुसरीकडे मिळालं नाही. पण संस्थापकाने स्वतःच्या संस्थेबद्दल लिहिलेलं संदर्भ म्हणून कितपत चालतं?

तिसरं जरा घरातलं. माझी आजी एसएनडीटीची जी.ए. होती. गृहीतागमा ही त्या काळची तिथली पदवी, बी.ए.च्या जागी असायची, पुढची प्रदेयागमा, म्हणजे पी.ए. तिचं पदवीपत्र आमच्याकडे चौकटीत आहे. कडा पिवळ्या पडल्यात, एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे, शाई मात्र स्वच्छ आहे. या पदव्यांबद्दल दोन वाक्यं नोंदीत यावीत अशी फार इच्छा आहे. पदवीपत्राचा फोटो काढून संदर्भ म्हणून लावता येईल का?

आणि एक. ‘भारतातील आणि आग्नेय आशियातील पहिले महिला विद्यापीठ’ हे वाक्य ठिकठिकाणी छापलेलं दिसतं. ते तसंच घ्यावं का? इमारतींचे फोटो मी स्वतः काढू शकते, त्याचेही नियम कुणी सांगाल का?

आगाऊ आभार.

प्रतिसाद

ताई, उत्तम विषय घेतलात. मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं लिहितो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

स्थापनेचं साल १९१६ च लिहा. माहितीचौकट ही वाचकाला एका नजरेत कळावं म्हणून असते, तिथे वाद सोडवायचा नसतो. वाद म्हणा किंवा फरक म्हणा, तो नोंदीच्या पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात उलगडा. कुलगुरूंचंही तसंच. माहितीचौकटीत सध्याच्या कुलगुरूंचं नाव पुरे. परांजपे आणि प्रेमलीलाबाई दोघांनाही इतिहासाच्या भागात आपापल्या जागी आणा. तिथे ‘पहिले’ हा शब्द वापरताना कशाचे पहिले ते स्पष्ट करा, म्हणजे कुणावरच अन्याय होत नाही.

‘आत्मवृत्त’ जरूर वापरा, पण कशासाठी वापरता ते बघून. कर्व्यांना कल्पना कशी सुचली, त्यांना काय वाटलं, त्यांनी कुणाकडे शब्द टाकला, याला त्यांचंच पुस्तक सगळ्यात चांगला आधार. तिथे वाक्यातच ‘कर्वे लिहितात’ असं येऊ द्या. विद्यापीठ यशस्वी झालं, लोकांनी उचलून धरलं, विरोध मावळला, अशा मूल्यमापनाला मात्र त्रयस्थाचं लिखाण पाहिजे. मराठी विश्वकोशातल्या नोंदी बघा, स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावरचे ग्रंथ बघा, त्या सालांचे ‘केसरी’ आणि ‘ज्ञानप्रकाश’चे अंक एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळाले तर फारच छान. विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आवारं किती, विभाग कोणते अशी कोरडी माहिती घ्यायला हरकत नाही. स्तुती तिथून घेऊ नका. आणि कुठूनही घेतलंत तरी स्वतःच्या शब्दांत लिहा, परिच्छेद उचलला तर प्रचालक तो काढून टाकतात आणि त्यात तुमचा चांगला मजकूरही जातो.

आजींच्या पदवीपत्राबद्दल. वाचून आनंद झाला, पण संदर्भ म्हणून ते चालणार नाही. कारण सरळ आहे: वाचकाला ते कुठे जाऊन पडताळता येत नाही. छापलेलं, ग्रंथालयात मिळणारं किंवा जालावर उघडं असलेलं साहित्य लागतं. जी.ए. आणि पी.ए. पदव्यांचे उल्लेख जुन्या छापील साहित्यात भरपूर आहेत. त्या काळच्या लेखिकांच्या नावापुढे ‘जी. ए.’ छापलेलं असायचं. त्यातला एखादा उल्लेख शोधा आणि ती दोन वाक्यं खुशाल लिहा. पदवीपत्राचा चांगला स्कॅन मात्र आताच करून ठेवा. वाळवी थांबत नाही.

‘आग्नेय आशिया’ काढा. भारत आग्नेय आशियात येत नाही, त्यामुळे ते वाक्य कितीही ठिकाणी छापलेलं असलं तरी त्याचा अर्थ लागत नाही. ‘भारतातील पहिले महिला विद्यापीठ’ एवढंच लिहा, संदर्भ द्या. ते पुरेसं मोठं आहे.

एक भाषेची गोष्ट. ‘स्त्रियांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध असलेले अग्रगण्य विद्यापीठ’ अशा धर्तीचं वाक्य कुठल्याही संस्थेला लावता येतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. त्याऐवजी ‘पहिल्या वर्षी पाच विद्यार्थिनी होत्या, माध्यम मातृभाषा होते’ हे लिहा. वाचक स्वतः काय ते समजतो. तसंच पहिल्या उल्लेखात धोंडो केशव कर्वे असं पूर्ण नाव, पुढे ‘कर्वे यांनी’. महर्षी, भारतरत्न या बिरुदांची प्रत्येक ओळीत गरज नाही. मराठीतलं आदरार्थी बहुवचन आहेच.

प्रतिसाद

फोटोंपुरतं सांगते. इमारतीचा तुम्ही बाहेरून काढलेला फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर) चढवता येतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम इमारतींची चित्रं प्रसिद्ध करायला मोकळीक देतं. चर्चगेट, जुहू आणि पुणे तिन्ही आवारांचे फोटो मिळाले तर उत्तम, चर्चगेटचा मी काढून देऊ शकते. बोधचिन्ह मात्र कॉमन्सवर टाकू नका, ते विद्यापीठाचं आहे. ‘संस्कृता स्त्री पराशक्तिः’ हे बोधवाक्य मजकुरात लिहिलं की झालं. १९५८ च्या आधी भारतात काढलेले फोटो ५० वर्षांनी मुक्त होतात, तेव्हा कुणाच्या घरी हिंगण्याचे जुने फोटो असतील तर कधी काढले ते लिहून चढवा.

प्रतिसाद

स्थापनेच्या सालाबद्दल माझं मत वेगळं आहे. विद्यापीठ ही कायद्याने निर्माण होणारी संस्था. मुंबई विद्यापीठाचं साल १८५७ धरतो ते कायदा त्या साली झाला म्हणूनच. मग इथे १९४९ का नको?

प्रतिसाद

(वर सविस्तर लिहिलेला मीच.) मुंबईचं विद्यापीठ सरकारने काढलं. तिथे आधी कायदा झाला, मग १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक, वागळे हे पहिले पदवीधर झाले. एसएनडीटीत क्रम उलटा आहे. आधी विद्यार्थिनी, मग पदव्या, मग कायदा. १९४९ हे स्थापनेचं साल म्हणून लिहिलं तर त्याआधीच्या सगळ्या जी.ए. झालेल्या बायका कुठल्या विद्यापीठाच्या, याला नोंदीत उत्तर राहत नाही. तुमचा मुद्दा खोटा नाही, म्हणून कायद्याचं साल पहिल्या परिच्छेदात आलंच पाहिजे.

प्रतिसाद

हे पटलं. पहिल्या परिच्छेदात येणार असेल तर माझी हरकत नाही.

प्रतिसाद

ताई, माजी विद्यार्थिनी असणं अडचणीचं नाही, तरी नोंदीच्या चर्चापानावर एका ओळीत सांगून टाका. कुणी विद्यापीठात नोकरीला असेल आणि कामाचा भाग म्हणून लिहीत असेल तर त्याला ते जाहीर करावंच लागतं. ‘प्रसिद्ध माजी विद्यार्थिनी’ यादी केलीत तर ज्यांच्यावर स्वतंत्र नोंद आहे आणि त्या इथे शिकल्याचा छापील आधार आहे, त्याच घ्या. हयात व्यक्तींबद्दल तर फार जपून. मूल्यांकनाची श्रेणी किंवा क्रमवारी लिहिलीत तर सालासकट लिहा, कारण ती बदलते.

अजून एक सुचवतो. कर्वे ९ नोव्हेंबर १९६२ ला गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे १ जानेवारी २०२३ पासून त्यांचं लेखन भारतात मुक्त झालं आहे. तुमच्याकडे ‘आत्मवृत्त’ची त्यांच्या हयातीतली आवृत्ती असेल तर ती मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त ग्रंथालयावर, आणता येईल का ते बघूया. नंतरच्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा दुसऱ्याच्या असू शकतात, तेवढं तपासावं लागेल. पुस्तक तिथे आलं की तुमच्या नोंदीतल्या संदर्भावर टिचकी मारून वाचक थेट त्या पानावर जाईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे किती आभार मानू! पदवीपत्राचं उत्तर वाचून क्षणभर वाईट वाटलं, पण कारण पटलं. स्कॅन या शनिवारीच करून आणते. ‘आत्मवृत्त’ची प्रत जुनी आहे, मुखपृष्ठ नाही पण आतलं प्रकाशनाचं पान शाबूत आहे. त्याचा फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवते, आवृत्ती तुम्हीच बघून सांगा.

धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या माझ्या कच्च्या लिखाणाच्या पानावर) पहिला परिच्छेद असा लिहिला आहे, संदर्भ जोडायचे आहेत:

‘श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ हे भारतातील पहिले महिला विद्यापीठ आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्याजवळ हिंगणे येथे त्याची स्थापना केली. सुरुवातीची ३३ वर्षे ते सरकारी मान्यतेविना चालले. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी दिलेल्या १५ लाख रुपयांच्या देणगीनंतर त्याला सध्याचे नाव मिळाले. १९३६ साली मुख्यालय मुंबईस हलवण्यात आले. १९४९ साली महाराष्ट्राच्या कायद्याने त्याला मान्यता मिळाली व १९५१ पासून ते वैधानिक विद्यापीठ म्हणून काम करू लागले.’

‘सरकारी मान्यतेविना चालले’ हे तटस्थ वाटतं ना? मला तिथे खूप काही लिहावंसं वाटत होतं, पण थांबले.

प्रतिसाद

तटस्थ आहे आणि नेमकं आहे, तसंच ठेवा. दोन बदल करा. ‘महाराष्ट्राच्या कायद्याने’ ऐवजी ‘मुंबई प्रांताच्या कायद्याने’ लिहा, महाराष्ट्र राज्य १९६० चं. आणि ‘सध्याचे नाव मिळाले’ ऐवजी ‘नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले’ असं करा. १९१६ पासून चालत आलेलं ‘भारतवर्षीय महिला विद्यापीठ’ हे नाव तिथेच आधीच्या वाक्यात घाला, म्हणजे जुन्या नावाने शोधणाऱ्यालाही नोंद सापडेल. त्या नावाचं पुनर्निर्देशन, म्हणजे जुन्या नावावरून थेट या नोंदीवर नेणारं पान, मी करून देतो.