तत्त्वज्ञ मुळातून वाचावेत की परिचयातून?

मूळपान

नवख्याला हमखास मिळणारा सल्ला: आधी एखादं परिचयाचं पुस्तक वाच, मग मूळ ग्रंथाला हात घाल. मला हा सल्ला उलटा वाटतो. परिचयातून निष्कर्ष हाती लागतो, युक्तिवाद निसटतो. आणि युक्तिवाद गेल्यावर तत्त्वज्ञानात वाचायचं काय?

देकार्त घ्या. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे ज्याला त्याला पाठ. ते १६३७ च्या पद्धतीवरच्या ग्रंथात आहे. पण हा मुद्दा तो जिथे सावकाश उलगडतो, त्या १६४१ च्या 'चिंतनां'च्या दुसऱ्या प्रकरणात वाक्य वेगळं आहे: 'मी आहे, मी अस्तित्वात आहे' हे विधान मी जेव्हा जेव्हा उच्चारतो किंवा मनात आणतो, तेव्हा तेव्हा ते खरं असतंच. इथे 'म्हणून' नाही. 'म्हणून' आला की 'जे जे विचार करतं ते ते असतं' हा दडलेला आधार शोधावा लागतो, आणि तोवर तर सगळंच संशयाखाली टाकलेलं असतं. एका शब्दात सगळं प्रकरण फिरतं. परिचयात हे सहसा सापडत नाही.

वाचायचं असं. चिंतनं सहाच आहेत. रोज एक, दुसरं मात्र दोनदा. प्रत्येक परिच्छेदापुढे समासात एकच शब्द लिहायचा: दावा, कारण, शंका किंवा उत्तर. पहिल्या चिंतनावर हे केलं की पायऱ्या दिसतात. इंद्रियं फसवतात, पण बारीक किंवा लांबच्या वस्तूंबाबत. हातातला कागद तर खराच वाटतो, म्हणून स्वप्नाची शंका आणावी लागते. स्वप्नातही दोन अधिक तीन पाचच होतात, म्हणून आपल्याला सर्वशक्तिमानच फसवत असेल तर, इथवर जावं लागतं.

शंकेखोर

देकार्त सोयीचा निवडलात. तो छोटा आहे आणि प्रथमपुरुषी लिहितो. हाच प्रयोग कांटवर करून दाखवा.

'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' १७८१ ला आलं, परीक्षणकर्त्यांना उमगलं नाही, आणि १७८३ ला कांटला स्वतःच 'प्रोलेगोमेना' हे छोटं पुस्तक लिहावं लागलं. पुढे १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यानं काही मध्यवर्ती भाग नव्याने लिहिले. आज एकाच प्रतीत दोन्ही पाठ छापलेले असतात. पानांच्या कडेला 'ए' म्हणजे पहिली आवृत्ती, 'बी' म्हणजे दुसरी, हे कुणी सांगितलं नाही तर वाचक एकाच युक्तिवादाची दोन रूपं सलग वाचतो आणि कांट स्वतःलाच खोडतोय असं समजतो.

ह्यूमचंही तेच. १७३९-४० चा 'ट्रीटाइज' छापखान्यातून मृतच बाहेर पडला, असं त्यानंच पुढे लिहून ठेवलंय. १७४० मध्ये त्यानं निनावी पुस्तिका काढून स्वतःच्याच ग्रंथाचा सारांश दिला. तत्त्वज्ञांनाच सारांशाची लाज नव्हती, तर आपण कशाला सोवळं पाळायचं?

समास

ह्यूमची पुस्तिका उदाहरण म्हणून आणलीत तर ती उघडून बघा. त्यानं ग्रंथाचे सगळे निष्कर्ष एका ओळीत एक असे मांडलेले नाहीत. एकच युक्तिवाद निवडून तो अथपासून इतिपर्यंत नेलाय. बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आपटतो, दुसरा हलतो. यात दिसतं काय? दोघे एकमेकांना टेकले, एक आधी हलला, एक नंतर. आणि तशाच सगळ्या चेंडूंचं तसंच होत आलंय. एवढंच. 'शक्ती' नावाचं चौथं काही दिसत नाही. नुकताच निर्माण झालेला आदम कितीही हुशार असला तरी पहिला आघात बघण्याआधी त्याला दुसऱ्या चेंडूचं सांगता येणार नाही. मग आपण सांगतो ते कशावरून? सवयीवरून.

हा सारांश चांगला, कारण त्यात 'का' शाबूत आहे. परिचयाचं पुस्तक घ्यायचं तर हीच कसोटी लावा: कुठलंही पान उघडा, तिथे एकही 'कारण' नसेल तर पुस्तक खाली ठेवा.

आणि 'प्रोलेगोमेना'बद्दल: हे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी नाही, भावी शिक्षकांसाठी आहे, असं कांटनं त्याच्या सुरुवातीलाच बजावलंय. नवख्याची शिडी म्हणून ते देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

शंकेखोर

कसोटी मान्य. पण मुळातून वाचणारा सर्वांत जास्त घसरतो ते वेगळ्याच जागी: बोलतोय कोण, हे न कळल्यामुळे. पहिल्या चिंतनावर थांबलेला वाचक देकार्तला संशयवादी ठरवतो. नित्शेचं 'ईश्वर मेला आहे' हे १८८२ च्या ग्रंथातल्या १२५ व्या परिच्छेदात एका वेड्याच्या तोंडी आहे, आणि तो ते बाजारात जमलेल्या, ईश्वर न मानणाऱ्या लोकांना ऐकवतोय. तेच त्याला हसतात. ओळ सुटी काढली की ती आरोळी होते, जागेवर वाचली तर ती न मानणाऱ्यांवरचा आरोप आहे.

शिवाय 'मूळ' म्हणजे तरी काय? 'द विल टू पॉवर' या नावाचं पुस्तक नित्शेनं तसं लिहिलेलंच नाही. त्याच्या टिपणवह्यांतून निवडून, जुळवून ते १९०१ ला, तो वारल्यावर, काढलं गेलं. नवखा तेच 'मूळ' म्हणून घेऊन बसतो.

मूळपान

नित्शेचा मुद्दा बरोबर. पण देकार्तच्या बाबतीत यावरचा इलाज त्याच पुस्तकात आहे. १६४१ च्या आवृत्तीतच आक्षेपांचे सहा संच आणि त्यांना देकार्तची उत्तरं होती. सातवा संच १६४२ ला आला. स्वस्त प्रतींत नेमका हा भाग गाळतात, तशी प्रत घेऊ नका. आक्षेप घेणाऱ्यांपैकी आर्नो या धर्मशास्त्रज्ञाचा आक्षेप तर चुकवूच नये: स्पष्ट आणि सुव्यक्त जे दिसतं ते खरं, याची हमी ईश्वर देतो, आणि ईश्वर आहे हे कशावरून, तर ते स्पष्ट आणि सुव्यक्त दिसतं यावरून! क्रम तेवढा सांभाळा. आधी स्वतःची शंका दोन ओळींत लिहा, मग आर्नो वाचा. उलट केलंत तर आर्नोची शंकाच तुमची वाटायला लागते.

समास

यात बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिची देकार्तला लिहिलेली १६४३ ची पत्रंही घाला. जागा न व्यापणारं मन जागा व्यापणाऱ्या शरीराला ढकलतं कसं, हा तिचा प्रश्न. देकार्त वजनाचं उदाहरण देतो: वजनही वस्तूला बाहेरून न ढकलताच खाली नेतं, असं आपण मानतो. तिचं समाधान होत नाही. माझंही नाही.

खोडरबर

तुम्ही सगळेच पहिल्या पानापासून शेवटाकडे जाताय. स्पिनोझाच्या 'एथिक्स'मध्ये (१६७७) तसं केलंत तर आठ व्याख्यांतच गुदमराल. उलटं वाचा. पहिल्या भागातलं ११ वं विधान घ्या: ईश्वर अनिवार्यपणे आहे. सिद्धता दोन-तीन ओळींची, आधार ७ व्या विधानाचा: अस्तित्व हा द्रव्याचा स्वभावच. सातवं उभं आहे सहाव्याच्या उपसिद्धांतावर, की द्रव्य दुसऱ्या कशातून उपजत नाही. सहावं टेकतं पाचव्यावर: एकाच गुणधर्माची दोन द्रव्यं असू शकत नाहीत. आणि लाइब्निट्सनं बोट ठेवलं ते इथेच. एका द्रव्यात 'क' आणि 'ख', दुसऱ्यात 'ख' आणि 'ग' असे गुणधर्म असतील तर? 'ख' सामाईक, तरी द्रव्यं दोन. अकराव्यापासून पाचव्यापर्यंत एका संध्याकाळचं काम आहे, आणि इमारत कुठल्या खांबावर उभी आहे ते कळतं.

शंकेखोर

हे आवडलं. पण 'द्रव्य' म्हणजे पदार्थ किंवा पैसा नव्हे, तर दुसऱ्या कशावरही न विसंबता जे असतं ते, हे त्या संध्याकाळी कोण सांगणार? कांटच्या 'आन्शाउउंग' या जर्मन शब्दाला 'अंतःप्रज्ञा' म्हटलं की वाचक मनातला कौल समजतो. कांटला अभिप्रेत आहे ते वस्तूचं थेट समोर येणं. अडेल तिथे दोन भाषांतरं शेजारी ठेवा, एवढं तरी सांगा. मूळ ग्रंथाचं नुसतं पान उलटून हे निघणार नाही.

मूळपान

शब्दार्थापुरता परिचय घ्या, हरकत नाही. दहा पानांचा. देकार्तला तोही नको.