मदत हवी आहे : अॅडव्हेंचर गेममध्ये अडकलो की दोष कोणाचा?

दुपारचा_चहा

मंडळी, इथे जुन्या पॉइंट-अँड-क्लिक (माउसने क्लिक करत कोडी सोडवायच्या) गेमचे दर्दी बरेच आहेत असं दिसतंय, म्हणून धागा काढतेय. मदत दोन प्रकारची हवी आहे. एक तातडीची, एक निवांत.

माझी भाची (बारावी झाली, निकालाची वाट बघतेय) सध्या आमच्याकडे आहे. रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसतो. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'ची २००९ची नव्या चित्रांची आवृत्ती संपवली, धमाल आली. मग १९९६चा 'ब्रोकन सोर्ड'चा पहिला भाग घेतला. पॅरिसच्या कॅफेतला स्फोट, जोकराच्या वेशातला खुनी, टेम्प्लर सरदार, सगळं मस्त रंगलं होतं. आणि आम्ही आयर्लंडला पोचलो. पडक्या किल्ल्यात उत्खनन चालू आहे, तिथे खाली उतरायला वाट आहे आणि वाटेवर एक बोकड बांधलाय. पुढे गेलं की ढुशी. उठायचं, पुन्हा ढुशी. खिशातली झाडून सगळी सामग्री त्याच्यावर वापरून झाली.

तातडीची मदत : उत्तर नको, हिंट द्या.

निवांत मदत : भाचीचं म्हणणं, "मावशी, हे कोडंच फालतू आहे." माझं म्हणणं, आपल्याला सुटलं नाही म्हणून कोडं फालतू कसं? तिला जुने-नवे काही गेम खेळून त्यांच्यावर लिहायचंय. तर 'आवडलं' आणि 'नाही आवडलं' याच्या पलीकडे जाऊन कोडं चांगलं की वाईट हे ठरवायचं कशावरून?

आणि पुढे काय खेळू तेही सांगा. लॅपटॉप साधा आहे. पटापट बटणं दाबायचे गेम नकोत. भुतंखेतं तिला चालतात, मला नाही.

रात्रपाळी

बोकड!! या, बसा. या बोकडाने भल्याभल्यांना लोळवलंय.

एकेक ओळ वाचा, सुचलं की पुढची वाचू नका.

१. खिशातलं काहीच लागत नाही. इन्व्हेंटरी विसरा.

२. बोकडाच्या आसपास शेतीचं एक जुनं अवजार पडलंय. ते नीट बघितलंत का?

३. ढुशी खाऊन पडल्यावर काय करता? तो बिचारा उठून, कपडे झटकून उभा राहीपर्यंत थांबता ना? कशाला थांबता?

याच्यापुढे गेलो तर उत्तरच होईल.

पावट्याची_उसळ

रात्रपाळी, हिंट द्यायची ही पद्धत आवडली. अवांतर : इन्फोकॉम कंपनीच्या मजकुरी (चित्रांऐवजी शब्दांनी खेळायच्या) गेमसाठी ऐंशीच्या दशकात अदृश्य शाईची पुस्तकं मिळायची. सोबतच्या खास पेनाने घासलं की एकेक ओळ उमटायची. पहिली ओळ नुसती चुटपुट लावणारी, शेवटची थेट उत्तर. आता वॉकथ्रू (अख्ख्या गेमची लिहून ठेवलेली उत्तरं) उघडला की तुमच्या कोड्याच्या आधीची चार आणि नंतरची सहा उत्तरंही डोळ्यांत घुसतात.

बाकी वाचतोय.

दुपारचा_चहा

सुटलं! तिसऱ्या ओळीवर. भाची किंचाळली, शेजारचे बघायला आले. रात्रपाळी, शतशः आभार.

पण तिचं मत बदललेलं नाही. उलट आता जास्तच ठाम झालंय.

निळी_शाई

बोकड सुटला, आता मोकळेपणाने लिहिते. (ज्यांना 'ब्रोकन सोर्ड' खेळायचाय त्यांनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जावं.)

भाचीचं मत बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. ते कोडं अवघड आहे म्हणून वाईट नाही. माझी कसोटी एकच : चुकीचा प्रयत्न केल्यावर गेम तुम्हाला काय सांगतो? अॅडव्हेंचर गेममध्ये आपण बहुतेक वेळ चुकतच असतो. त्या चुकण्यातून काही पदरात पडलं तर अडकण्यातही मजा असते. नाहीतर नुसती डोकेफोड.

तुम्ही नुकताच खेळलेला मंकी आयलंडच घ्या. नायक गायब्रशला जड मूर्तीला बांधून समुद्रात ढकलतात तो प्रसंग. तळाशी सगळीकडे धारदार वस्तू पडलेल्या, आणि दोर इतका तोकडा की एकीपर्यंतही हात पोचत नाही. ही घ्यायला जा, पोचत नाही. ती घ्यायला जा, पोचत नाही. दर वेळी तेच ऐकून ऐकून केव्हातरी डोक्यात येतं की सुरी हा मुद्दाच नाहीये, आपल्याला मूर्तीने जखडलंय. मग मूर्तीच उचलायची आणि खिशात घालून चालू पडायचं. इथे प्रत्येक फसलेला प्रयत्न तुम्हाला उत्तराकडे ढकलत होता. आपण दहा मिनिटं श्वास रोखू शकतो अशी फुशारकी गायब्रशने आधी मारलेली असते. खरोखर दहा मिनिटं काही न करता बसलात तर तो तिथे मरतोही. एरवी या गेममध्ये मरायची धास्ती नाही, म्हणून बिनधास्त चुकता येतं.

आता बोकड. वस्तू वापरा, ढुशी. चालत जा, ढुशी. काहीही करा, ढुशी तीच. कुठे चुकतंय याचा सुगावा त्या ढुशीत नाही. शिवाय तोवर गेमने विचार करायला हवा तितका वेळ दिलेला असतो. इथे अचानक, नायक जमिनीवर बसलेला असताना, घाईने त्या अवजारावर क्लिक करावं लागतं. म्हणजे खेळाचा नियम बदलला आणि खेळणाऱ्याला कळवलं नाही. माझ्या लेखी तो अन्याय आहे.

त्याहून वाईट प्रकार 'किंग्ज क्वेस्ट ५' मध्ये (१९९०). गावात बेकरीसमोर एक मांजर उंदराचा पाठलाग करत जाते. क्षणभराचं दृश्य. तेवढ्यात मांजरीवर जुना बूट फेकून उंदराला वाचवायचं. नाही वाचवलंत तर गेम एक अक्षर बोलत नाही, खेळ छान पुढे चालतो. बऱ्याच वेळाने खानावळीच्या तळघरात तुम्हाला बांधून टाकतात, आणि दोर कुरतडायला तोच उंदीर यायचा असतो. तो तर मेला. संपलं, जुना सेव्ह (आधी साठवून ठेवलेला खेळ) शोधा. चुकल्याची वर्दी इतक्या उशिरा येते की नेमकं कशामुळे चुकलो हेही कळत नाही.

मंकी आयलंड बनवणाऱ्या रॉन गिल्बर्टने १९८९ मध्ये, म्हणजे तो गेम यायच्या आधी, अशा सगळ्या खोडींवर एक लेख लिहिला होता. कुलूप दिसायच्या आधी किल्ली हातात पडू नये, खेळाडूला माहीत नसताना रस्ता बंद होऊ नये, असे मुद्दे त्यात आहेत. भाचीला तो वाचायला द्या.

ढ_विद्यार्थी

निळी_शाई, कसोटी पटली, पण 'किंग्ज क्वेस्ट'ला आजच्या तराजूत घालून झोडपणं मला पटत नाही. तेव्हाच्या त्या जातीच्या गेममध्ये दर दहा पावलांवर मरणं आणि वेगवेगळ्या नावांनी सेव्ह ठेवत जाणं हा खेळाचाच भाग होता. मरायचे नवे नवे प्रकार शोधण्यातही लोकांना मजा वाटायची. आम्हीही चाळीतल्या एकाच कॉम्प्युटरवर टोळकं करून असले गेम खेळलोय. एकाला नाही सुचलं तर दुसऱ्याला सुचायचं. एकट्याने रात्री खेळणाऱ्याला जे छळ वाटतं ते चौघांत तितकं वाटत नाही. जुन्या गेमवर लिहिताना तो कसा खेळला जायचा हेही लिहावं.

(उंदराचं मात्र समर्थन करत नाही. ते तेव्हाही चीड आणणारंच होतं.)

दुसरं, एका कोड्यावरून अख्खा गेम निकालात काढू नका. 'गेब्रिअल नाइट ३' (१९९९) मधलं मांजरीच्या केसांच्या मिशीचं कोडं जगभर बदनाम आहे. भाड्याची मोटरसायकल मिळवायला दुसऱ्याचा वेश घ्यायचा. त्यासाठी मांजर पळते त्या भोकाला चिकटपट्टी लावून मांजरीचे केस गोळा करायचे, पाकातल्या चिकटपणाने ते ओठावर डकवायचे. कहर म्हणजे ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला पेनने मिशी काढायची. गेमवर लिहिणारे एरिक वोल्पॉ यांनी २००० साली याच कोड्याच्या एकेक पायरीची चिरफाड करून, अॅडव्हेंचर गेमनी आपला जीव आपणच घेतला असं लिहिलं, आणि लोक आजही तेच उगाळतात.

पण त्याच गेममध्ये पुढे 'ल सर्पां रूज' नावाची कोड्यांची लांबलचक साखळी आहे. राशींच्या नावांचे गूढ परिच्छेद वाचायचे, आणि गेममधल्या कॉम्प्युटरवर फ्रान्समधल्या रेन-ल-शातो गावाच्या परिसराच्या नकाशावर बिंदू, वर्तुळं, रेघा मांडत जायच्या. बरोबर बसलं की आकृती आपोआप पक्की होते आणि पुढचा परिच्छेद उलगडायला लागतो. निळी_शाईच्या कसोटीवर हे सणसणीत पास आहे. मी तर कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. एकाच गेममध्ये इतकं टाकाऊ आणि इतकं अव्वल, दोन्ही. तेव्हा भाचीने गुण द्यायचेच तर कोड्याला वेगळे आणि गेमला वेगळे द्यावेत.

निळी_शाई

ढ_विद्यार्थी, टोळक्याचा मुद्दा मान्य. 'ल सर्पां रूज'ला तर दोन्ही हातांनी मत.

विचित्रपणा आणि अन्याय यांत गल्लत होऊ नये म्हणून एक उदाहरण टाकते. 'डे ऑफ द टेंटॅकल' (१९९३). एकाच घरात तीन काळ : आज, दोनशे वर्षं मागे, दोनशे वर्षं पुढे. पुढच्या काळातली लव्हर्न झाडाला लटकलीये. तिला सोडवायचं तर मागच्या काळात ते झाड तोडायला हवं. तिथे जॉर्ज वॉशिंग्टन आहे, पण तो तोडणार चेरीचं झाड, आणि हे आहे कुमक्वाटचं (छोट्या संत्र्यासारखं फळ). मग फळांना लाल रंग फासायचा! ऐकायला मांजरीच्या मिशीइतकंच येडपट. पण वॉशिंग्टनशी बोलत राहिलात तर तो स्वतःच चेरीची झाडं तोडण्याची शेखी मिरवतो, झाड समोर दिसतं, रंग हाताशी असतो. कुऱ्हाडीची ती गोष्ट तर आपल्याकडेही लहानपणी सांगतात. गेमचं जग येडपट असलं तरी चालतं, त्याने स्वतःचे नियम पाळले की झालं.

पावट्याची_उसळ

पुढे काय खेळायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी स्कमव्हीएम उतरवून घ्या, फुकट आहे. जुने गेम नव्या मशीनवर चालवतं, अँड्रॉइडवरही चालतं. गेमच्या फायली मात्र आपल्या आपण आणायच्या. 'बिनीथ अ स्टील स्काय' (१९९४) सुरुवातीला बरा, कारण तो कंपनीनेच मोफत केलाय आणि स्कमव्हीएमच्या साइटवरच मिळतो. 'ब्रोकन सोर्ड'वाल्यांचाच आहे, बोकड नाही.

दोघींनी मिळून खेळायला मशिनेरियम (२००९). चेक मंडळींनी हाताने रंगवलेला गेम, संवाद नाहीतच, पात्रं डोक्यावरच्या फुग्यात चित्रं काढून बोलतात. छोटा रोबो लांब-बुटका होतो, आणि हाताच्या टप्प्यातल्याच वस्तू त्याला घेता येतात. त्यामुळे पडद्याचा कानाकोपरा माउसने पुसत बसायची वेळ कमी येते. मदतीचं पुस्तक गेममध्येच आहे, पण ते उघडायला आधी एक कंटाळवाणा चिल्लर खेळ जिंकावा लागतो. पुस्तक उघडायचा मोह आपोआप आवरतो.

भाचीला लिहायला सगळ्यात जास्त मसाला रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (२०१८) मध्ये मिळेल. रिकामं परतलेलं जहाज, साठ माणसं, कोण कोण होतं आणि त्याचं काय झालं हे शोधायचं. उत्तरं तीन-तीनच्या गठ्ठ्याने बरोबर आली तरच गेम शिक्का मारतो, म्हणून अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. पॉइंट-अँड-क्लिक म्हणावं का यावर वाद घालता येईल. प्रेतं भरपूर आहेत, भूत एकही नाही.

'अनअव्हाउड' (२०१८) ही चांगला आहे. दर कामगिरीवर चारपैकी कुठले दोन सोबती नेता त्यावर कोड्यांची उत्तरं बदलतात. पण त्यात पिशाच्चं आहेत, तेव्हा तो भाचीने एकटीने खेळावा.

रात्रपाळी

या यादीत 'थिंबलवीड पार्क' (२०१७) घाला, रॉन गिल्बर्टचाच आहे. एक भूत आहे त्यात, पण घाबरवणारं नाही. सुरुवातीला सोपा की अवघड असं विचारेल, अवघड निवडा. सोप्यात कोडी गाळून टाकलीयेत, लिहिणारीला त्याचा काय उपयोग. अडलात तर गेममधल्या फोनवरून हिंट लाइनला फोन लावायचा. ती एकदम उत्तर देत नाही, विचाराल तसं थोडं थोडं पुढचं सांगते. 'रिटर्न टू मंकी आयलंड' (२०२२) मध्ये हेच काम हिंटबुक करतं. पण तो खेळायच्या आधी मंकी आयलंडचा दुसरा भाग संपवा, कारण याची गोष्ट त्याच्या शेवटापासूनच सुरू होते.