चर्चा: कोलंबसची काचेची बँक, गिऱ्हाइकाची की मालकाची?

नऊघुमट: अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं जेमतेम 50 हजार वस्तीचं शहर आहे. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय तिथलंच, म्हणून पुण्याच्या कितीतरी इंजिनिअरांना ते माहीत. भर गावात इर्विन युनियन बँकेची 1954 सालची इमारत उभी आहे, वास्तुरचनाकार ईरो सारिनेनची. सामान्य गिऱ्हाइकाला इतका मान देणारी बँक मला दुसरी माहीत नाही. तोवर बँक म्हणजे दगडी खांब, चढायला पायऱ्या आणि गजांआडचा कॅशियर. सारिनेनने ते सगळं काढून टाकलं. एकमजली इमारत, काचेच्या भिंती, छतावर नऊ बसके घुमट, आत बिनगजांचे मोकळे काउंटर. आत पाऊल टाकायला शेतकऱ्यालाही दडपण येऊ नये, ही त्यातली गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

डेक्कनकर: साफ असहमत. बँक जे. इर्विन मिलर यांच्या घराण्याची, कमिन्सची सूत्रंही त्यांच्याच हाती. मालकाने हौसेने नामवंत वास्तुरचनाकार आणला, एवढंच. भिंत काचेची केली म्हणून कारभार दिसत नाही. 2009 मध्ये बँक बुडाली, नियामकांनी टाळं लावलं. हे संकट येताना काचेतून कुणाला दिसलं?

नऊघुमट: बुडीत कर्जांचं खापर भिंतींवर कशाला? आणि नुसती हौस म्हणाल, तर पुढे कमिन्स फाउंडेशनने गावातल्या शाळांच्या वास्तुरचनाकारांची फी भरली. तिथे मिलर यांना काय नफा होता?

सावली: दोघंही झाडं विसरताय. उद्यानरचनाकार डॅन कायलीने इमारतीभोवती झाडं लावली, ती आराखड्याचाच भाग आहेत. आपल्याकडे पश्चिमेला काच ठोकतात, झाड तोडून पार्किंग करतात, मग दिवसभर पडदे ओढून एसी. नक्कल करायची तर सावलीसकट करा.

डेक्कनकर: झाडांचं पटलं. पण 2000 साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळालेली ही इमारत बँक गेल्यावर कमिन्सचं सभाकेंद्र झाली. ज्या शेतकऱ्याचं तुम्ही बोलताय, त्याचं आता तिथे काम काय? एखाद्या पतपेढीचा एक काउंटर तरी ठेवायला हवा होता.

नऊघुमट: काउंटरचं म्हणणं रास्त आहे, मलाही ते हवंच आहे. पण बँक गेल्यावर इमारत ओस पडली असती तर? सपाट छपराची, एवढ्या काचेची वास्तू रोजच्या देखभालीशिवाय टिकत नाही. आधी कुणीतरी ती वापरती ठेवली, म्हणून आज काउंटर मागायची सोय आहे.