'नेमावाशी'ला मराठीत काय म्हणाल?

शब्दखुळी: एका जपानी कारखान्याच्या पुस्तिकेचं मराठी करतेय. 'नेमावाशी'पाशी अडलेय. प्रस्ताव बैठकीत नेण्याआधी संबंधित प्रत्येकाला एकेकटं गाठायचं, शंका ऐकायच्या, मसुदा बदलायचा. बैठकीत उरतं ते शिक्कामोर्तब. मी 'मोर्चेबांधणी' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडलं.

बोरूबहाद्दर: योग्यच केलं. मोर्चे कुणाच्या तरी विरुद्ध बांधतात. 'पूर्वसहमती' लिहा.

नागोयाकर: सहमती हे फळ झालं, नेमावाशी ही त्यामागची खटपट. इथे जपानात आल्यावर पहिल्याच वर्षी मी एक सुधारणा थेट बैठकीत मांडली. कुणीही 'नाही' म्हणालं नाही. एकाने दातांतून 'स्स्' करून हवा आत ओढली, बाकीचे कागदाकडे बघत बसले. विषय तिथेच मेला. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, आधी आमच्या कानावर का नाही घातलंस? आता रिंगीशो, म्हणजे प्रस्तावाचा कागद, हांकोच्या शिक्क्यांसाठी फिरायला लागण्याआधीच मी चार टेबलं फिरून येतो. माझं मत 'कानावर घालणे'.

शब्दखुळी: पण त्यात आपण सांगतो आणि मोकळे होतो. समोरच्याचं ऐकून मसुदा बदलणं कुठे आलं?

कलमवाला: शब्द मुळात माळ्यांचा आहे. 'ने' म्हणजे मूळ, 'मावासु' म्हणजे फिरवणं. मोठं झाड हलवायच्या कितीतरी महिने आधी बुंध्याभोवती चर खणतात, मुळं छाटतात, नवी तंतुमुळं फुटू देतात. मगच झाड उचलतात. आमच्या दापोलीकडे कलम काढताना वडील हुंडीखाली, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीखाली, दोन्ही तळवे धरायला लावायचे. हुंडी फुटली की कलम गेलं. 'मुळं जपणे' का नको?

बोरूबहाद्दर: कारखान्यातल्या माणसाला ते झाडाचंच वाटेल.

पाटीपेन्सिल: 'मशागत' घ्या. पेरणीआधीचं काम, सगळ्यांना कळतं.

बोरूबहाद्दर: मशागत अरबी 'मशक्कत'वरून आलाय. जपानी काढून अरबी घालायचा?

पाटीपेन्सिल: ज्या शेतकऱ्याच्या तोंडी तो रोज आहे, त्याला परका म्हणायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? 'पूर्वसहमती' कुठल्या बांधावर ऐकलीत?

नागोयाकर: मशागतीत जमीन काही बोलत नाही हो. इथे माणसं बोलतात.

पाटीपेन्सिल: जमीनही बोलते, ऐकणारा पाहिजे. कलमवाले, ती हुंडी पैशांच्या हुंडीतलीच का? आमच्याकडे घाटावर नुसता 'मातीचा गोळा' म्हणतात.

कलमवाला: वडिलांना विचारून सांगतो. ते आता बागेत आहेत.

शब्दखुळी: मला उद्या पानं द्यायची आहेत.