रोज ठरावीक वेळ मोबाइल बंद ठेवण्याचा नेम कसा टिकवावा?

प्रश्न : टॉवेल कारखान्यातील कर्मचारी, सोलापूर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी मालाच्या रवानगीचे काम पाहतो. ऑर्डर, रंगाचे नमुने, ट्रान्सपोर्टची पावती, पैसे जमा झाल्याचा निरोप असे सारे व्हॉट्सॲपवरच येत असल्याने दिवसा मोबाइल बाजूला ठेवणे शक्य नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार आहे ती संध्याकाळची. मागच्या आठवड्यात आठवीतली माझी मुलगी शाळेत करायचे भाषण मला म्हणून दाखवत होती आणि मी मोबाइल पाहत ‘हं, हं’ करत होतो. ती मध्येच थांबली, तरी माझे ‘हं’ चालूच राहिले. भाषण कशावर होते, असे तिने विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. ती रडली नाही, रागावलीही नाही. कागदाची घडी घालून आत निघून गेली, आणि तेच मला फार लागले.

त्याआधी रविवारी दिवसभर मोबाइल बंद ठेवून दोनदा पाहिले होते. पहिल्या वेळी दुपारीच हात वळला. दुसऱ्या वेळी मालाचा ट्रक गेटवर खोळंबला आणि सोमवारी मला बोलणी खावी लागली. शिवाय वडील बार्शीजवळ गावी एकटे असतात. त्यांचा फोन कधीही येऊ शकतो. आठवड्यातून एक पूर्ण दिवस बरा की रोज थोडा वेळ? ज्यांनी हे खरोखर पाळले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 : निवृत्त शिक्षक, बाळीवेस

आपण मोकळेपणाने लिहिलेत, हे फार चांगले केलेत. माझे मत रोजच्या ठरावीक वेळेकडे झुकते, कारण आठवड्यातून एकदा येणारी गोष्ट अंगवळणी पडत नाही. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या ऑगस्टमध्ये ग्रामसभेत असाच निर्णय घेतला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरी मोबाइल आणि टीव्ही बंद, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांचा अभ्यास व मोठ्यांच्या गप्पा, असा तो नेम आहे. करोनाकाळात ऑनलाइन वर्गांसाठी हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना, हे त्यामागचे कारण होते.

आपल्या गावाला भोंगा नवा नाही. 1877 साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, आणि पुढे कितीतरी वर्षे सोलापूरकरांचा दिवस भोंग्यावरच चालला. माझे वडील गिरणी कामगार होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कामाचा विषय गिरणीच्या फाटकाबाहेर येत नसे. आपल्या कामाला सुटीचा भोंगाच उरलेला नाही, हे आपले खरे दुखणे आहे असे मला वाटते. गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक वेळ ठरवली, तर एकट्यावर भार पडणार नाही.

उत्तर 2 : नेत्रतपासणी करणारी, होटगी रोड

सरांचे म्हणणे पटते. मी फक्त डोळ्यांपुरते लिहिते. आपण एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो, पण पडद्यावर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. त्यामुळे डोळ्यांवरचा ओलावा सुकतो आणि चुरचुर सुरू होते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा त्रास अधिकच जाणवतो. संध्याकाळची दीड तासाची सुटी दिवसभराच्या ताणाची भरपाई करत नाही, म्हणून कामातही दर 20 मिनिटांनी, 20 फुटांवरच्या वस्तूकडे, 20 सेकंद पाहत जावे. झोपण्यापूर्वीचा तास तर मोबाइलविना जावाच, कारण रात्री डोळ्यांवर पडणाऱ्या प्रखर उजेडाने झोप आणणारे मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होते. मुलांनी रोज उघड्यावर खेळणेही तितकेच महत्त्वाचे आहे; उजेडात बाहेर राहणाऱ्या मुलांना लांबचे अंधुक दिसण्याचा, म्हणजे उणे नंबर लागण्याचा धोका कमी असतो.

उत्तर 3 : गृहिणी, जुळे सोलापूर

दादा, गल्लीची वाट पाहू नका. सर, याबाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. चार घरांचे एकमत होईपर्यंत मुले मोठी होतात. आमच्याकडे दोन वर्षांपासून आठ ते साडेनऊ ही वेळ ठरलेली आहे. सर्वांचे मोबाइल फ्रिजवरच्या डब्यात जातात, आणि सर्वात आधी मोठ्यांचे जातात. मोठ्यांनी हातात ठेवून मुलांना ‘ठेव’ म्हटले, तर तो नेम दोन दिवसही टिकत नाही. टीव्हीही बंदच हवा, नाहीतर नजर एका पडद्यावरून उठून दुसऱ्यावर जाते.

पहिले चार-पाच दिवस जड गेले. मुलगा ‘आता काय करू?’ म्हणत घरभर फिरत होता. मी त्याला काहीच सुचवले नाही. शेवटी मी उखळात शेंगाचटणी कुटत होते तिथे येऊन तो बसला, भाजलेल्या शेंगदाण्यांची साले काढू लागला, आणि वर्गातल्या एका भांडणाबद्दल आपणहून बोलला, जे मला तोवर ठाऊकच नव्हते. शाळेचा गृहपाठ ग्रुपवर येतो, म्हणून तो आठच्या आत वहीत उतरवून घ्यायचा, एवढी एक पळवाट आम्ही बंद केली.

प्रश्नकर्ता, तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचीच वेळ घेतली, आठ ते साडेनऊ. मोबाइल बंद न करता त्यात ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावतो. वडिलांचा क्रमांक तारांकित केल्याने त्यांचा फोन वाजतो, आणि एकाच क्रमांकावरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तोही वाजतो. मालकांना आणि गेटवरच्या माणसाला हे आधीच समजावून सांगितले, तेव्हा दोघांनीही लगेच मान्य केले. इतके दिवस मी विचारलेच नव्हते.

मुलीचे भाषण पूर्ण ऐकले. ते 12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांवर होते. कुर्बान हुसेन यांच्यावरचा भाग तिला पुनःपुन्हा अडत होता, म्हणून तो आम्ही दोघांनी बसून सोपा केला.

तीन आठवड्यांत चार दिवस नेम मोडला, त्यातले तीन महिनाअखेरचे होते, कारण तेव्हा रवानगी रात्री दहापर्यंत चालते. त्या दिवसांत वेळ पुढे ढकलावी की सकाळी घ्यावी, याबद्दल कोणाचा अनुभव असल्यास अवश्य लिहावे.